बेशिस्त अणू आणि विरघळणारा स्क्रू



सुरुवातीलाच एक आगाऊ प्रश्न विचारतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांच्या अंगात धातू आहे? हात वर करू नका, तो ज्याचा त्याचा खासगी मामला. पण कुणाच्या मांडीत रॉड असेल, कुणाच्या मनगटात प्लेट आणि सहा स्क्रू असतील, याची मला खात्री आहे. आणि घरोघरी त्यावरची चर्चाही ठरलेली असते. हाड जुळलं, आता प्लेट काढायची की राहू द्यायची? काढायची तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा सुट्टी. राहू द्यायची तर थंडीत ठणकते. एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो कशाला उकरता?

हा प्रश्न मुळात पडतोच का? कारण हाडाला आधार हवा असतो काही महिन्यांचा आणि आपण त्याला देतो जन्मभराचा. लोखंड-क्रोमियमचं स्टेनलेस स्टील हाडाच्या दसपट ताठ असतं, टायटॅनियम पाचपट. एवढा ताठ सोबती शेजारी असला की भार तोच उचलतो. आणि हाडाचा स्वभाव असा की त्याच्यावर भार आला नाही तर ते विरळ होत जातं. लहान मुलांच्या बाबतीत आणखी पंचाईत, कारण मूल वाढतं, प्लेट वाढत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. हाड जुळेपर्यंत घट्ट धरणारा आणि मग आपसूक निघून जाणारा धातू हवा. आजचं व्याख्यान त्या ‘निघून जाणाऱ्या’ धातूबद्दल आहे, आणि त्यातही त्याच्या पोटात अणू कसे बसलेत याबद्दल. रोग्याच्या पायाशी अणूंचा काय संबंध, असं वाटेल. थोडा धीर धरा.

विरघळणाऱ्या धातूची कल्पना नवी नाही. 1878 साली एडवर्ड ह्यूज नावाच्या अमेरिकन डॉक्टरने रक्तवाहिन्या बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली. पुढे युरोपात एर्विन पायर यांनी या धातूचा बराच पाठपुरावा केला. निवड चुकीची नव्हती. मॅग्नेशियम हलकं आहे, त्याचा ताठपणा हाडाच्या त्यातल्या त्यात जवळ जातो, आणि ते शरीराला परकं नाही. तुमच्या-माझ्या अंगात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांतच असतं. विरघळलेलं जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडं मुकाट्याने बाहेर टाकतात.

मग अडलं कुठे? 1906-07 च्या सुमारास बेल्जियममधले शल्यविशारद अल्बँ लॅम्बोट यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची प्लेट बसवली आणि ती सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी पक्की केली. आठ दिवसांत प्लेटचा भुगा झाला आणि कातडीखाली वायू साचून फुगा आला. आज दहावीचा विद्यार्थीही सांगेल की चूक खिळ्यांची होती. खारट द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत मॅग्नेशियम खर्ची पडतं. पण खिळे बदलले तरी मूळ दुखणं जात नव्हतं. मॅग्नेशियम आणि पाणी भेटले की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. किती? एक ग्रॅम मॅग्नेशियममागे जवळपास एक लिटर! करंगळीच्या पेराएवढाही नसलेला स्क्रू, आणि त्यातून पाण्याच्या बाटलीएवढा वायू. सावकाश सुटला तर रक्त तो वाहून नेतं. भराभर सुटला तर ऊतींत पोकळ्या होतात आणि हाड जुळायच्या ऐवजी दूर लोटलं जातं.

तुम्ही म्हणाल, हायड्रॉक्साइडचा थर धातूवर बसतो ना, मग तो संरक्षण करेल. करतोही. पण रक्तात मीठ आहे. क्लोराइड त्या थराला सोडत नाही, त्याचं विरघळणारं क्लोराइड करून टाकतं, आणि खालचा उघडा धातू पुन्हा पाण्यासमोर येतो. पोलाद आणि कोबाल्टचे मिश्रधातू आले तेव्हा शल्यविशारदांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मॅग्नेशियम अडगळीत गेलं. त्यांना दोष कोण देणार?

आता आपण रोग्याची खोली सोडू आणि धातूच्या आत जाऊ.

नेहमीच्या धातूत अणू रांगेत बसलेले असतात. सोनं असो, तांबं असो, मॅग्नेशियम असो, एक ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा येत राहते. त्यालाच आपण स्फटिक म्हणतो. पण एक अख्खा तुकडा म्हणजे एकच स्फटिक नसतो. थंड होताना अनेक ठिकाणी एकदम रांगा लागायला सुरुवात होते आणि वेगवेगळ्या दिशांनी वाढलेले हे कण एकमेकांना भिडतात तिथे सांधे पडतात. शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की पोरं धावत आपापल्या रांगेत जातात. आता समजा, घंटा झाल्या झाल्या कुणीतरी ‘स्टॅच्यू!’ म्हणून ओरडलं, आणि सगळी पोरं खरोखरच जागच्या जागी थिजली. रांगा लागल्याच नाहीत. सांधेही पडले नाहीत, कारण रांगच नाही तर दोन रांगांमधला सांधा कुठला? वितळलेल्या धातूला इतक्या झपाट्याने थंड केलं की अणूंना रांग लावायला वेळच मिळू नये, तर जे मिळतं तो धात्विक काचेचा तुकडा. पारदर्शक नसतो बरं का. दिसायला आरशासारखा चकचकीत धातूच, पण आतली मांडणी द्रवाची.

हा ‘स्टॅच्यू’ पहिल्यांदा म्हणणारे गृहस्थ पोल ड्युवे. 1960 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी आणि क्लेमंट, विलेन्स या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉन 75 ला 25 या प्रमाणात वितळवून त्याचा थेंब थंड तांब्यावर जोराने फेकला. थेंबाची पातळ पापडी झाली आणि ती सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने गार झाली. क्ष-किरणांनी पाहिलं तर स्फटिकाच्या टोकदार रेषा गायब! मग जगभर धडाधड कामं सुरू झाली. आपल्याकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात टी. आर. अनंतरामन यांच्या गटाने हा विषय फार लवकर हाती घेतला. त्यांनी आणि सूर्यनारायण यांनी 1971 साली या शीघ्रशीतनाच्या पहिल्या दशकाचा आढावा लिहिला, तो जगाने वाचला. (कपड्यांच्या दुकानात पैसे न देता बाहेर पडलं की दाराशी जी शिट्टी वाजते, त्या चोरपट्ट्यांपैकी बऱ्याच पट्ट्यांत अशाच काचेची फीत असते. हे केवळ माहितीसाठी सांगतोय.)

पापडीतून स्क्रू कसा होणार? पातळ फीत लवकर गार होते, जाड कांडी होत नाही. तिच्या गाभ्यात अणूंना रांग लावायला फुरसत मिळते. यावरचा तोडगा जपानमध्ये तोहोकु विद्यापीठात अकिहिसा इनोऊए आणि अमेरिकेत विल्यम जॉन्सन यांच्या गटांनी 1980-90 च्या दशकांत काढला. तोडगा असा की घाई कमी करा, गोंधळ वाढवा. मैदानावर सगळी पोरं एकाच उंचीची असतील तर रांग चटकन लागते. बालवाडीची पोरं, सातवीची पोरं आणि एखादा आडदांड पीटी मास्तर यांना एकाच नक्षीत बसवायचं म्हटलं तर? किमान तीन मूलद्रव्यं, अणूंच्या आकारात ठळक फरक, आणि त्यांना एकमेकांच्या संगतीत राहावंसं वाटणं, एवढं जमलं की काच सावकाश थंड करूनही टिकते.

आता आपल्या कामाची काच पाहा. मॅग्नेशियम, झिंक, कॅल्शियम. तिन्ही शरीराच्या ओळखीची. अणूंच्या त्रिज्या अंगस्ट्रॉममध्ये साधारण अशा: झिंक 1.4, मॅग्नेशियम 1.6, कॅल्शियम 2. झिंक आणि कॅल्शियमचं एकमेकांशी छान जमतं. त्या मानाने मॅग्नेशियमशी दोघांचाही घरोबा बेताचा. तांब्याच्या साच्यात ओतली तर या मिश्रणाची काही मिलिमीटर जाडीची कांडी काचरूपात मिळते. आणि स्क्रूला काही मिलिमीटरच लागतात.

पण रांग नाही म्हणजे आत नेमकं आहे काय? इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘अस्ताव्यस्त’ म्हणून हात झटकणं फार सोपं असतं.

लंडनच्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल हे मोठे शास्त्रज्ञ होते. 1959 च्या सुमारास त्यांनी द्रवाच्या रचनेचा ध्यास घेतला. संगणक नव्हते. त्यांनी गोळे आणि काड्यांचा सांगाडा आपल्या कार्यालयातच बांधायला घेतला आणि नियम काय केला? दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन व्यत्यय आणणारच. परत आल्यावर आधी काय केलं होतं ते आठवायचं नाही आणि पुढचा गोळा लावायचा. प्रशासकीय कटकटींचा विज्ञानाला झालेला हा माझ्या माहितीतला एकमेव उपयोग. त्यांनी प्लॅस्टिसिनच्या गोळ्या खडूच्या भुकटीत घोळवून एकत्र दाबल्या आणि मग प्रत्येक गोळीला किती सपाट बाजू पडल्या ते मोजलं. सरासरी तेरा-साडेतेरा. आणि त्या बाजूंमध्ये सर्वांत जास्त कोणत्या? पंचकोनी.

पाच हा आकडा मोलाचा आहे. नियमित पंचकोनांनी सपाट पृष्ठभाग फट न सोडता भरता येत नाही, म्हणून नेहमीच्या स्फटिकात पंचकोनी सममिती बसत नाही. पण एका अणूभोवती बारा शेजारी बसवायचे असतील तर सर्वांत स्वस्त मांडणी पंचकोनीच निघते. वीस त्रिकोणी बाजूंची, बारा टोकांची ती घनाकृती. हे चार्ल्स फ्रँक यांनी 1952 सालीच दाखवलं होतं. म्हणजे बघा, जवळच्या शेजाऱ्यांपुरतं पाहिलं तर ही मांडणी उत्तम, पण ती पुढे पसरवता येत नाही. द्रवातला अणू आपल्या भोवतीचा शेजार नीट लावतो आणि नेमकं त्यामुळेच दूरवरची रांग बिघडते. काचेत रांग नाही, पण शेजार आहे.

आपल्या काचेत हा शेजार कसा दिसतो? पुंजयामिकीवर आधारलेल्या संगणकी प्रतिरूपांतून याचा हिशेब निघाला आहे. मॅग्नेशियमच्या अणूला सरासरी 13 शेजारी, झिंकला 11, आणि थोराड कॅल्शियमला 18 ते 19. मॅग्नेशियम आणि झिंकभोवती त्या पंचकोनी घनाकृती वारंवार सापडतात, पण त्यांच्या जोडीला इतर शेकडो तऱ्हाही. एक नमुना सर्वत्र, असं नाहीच. आणि हे सगळं इतकं दाबून बसलेलं की अशा काचांची घनता त्याच मिश्रणाच्या स्फटिकापेक्षा जेमतेम एक-दोन टक्क्यांनी कमी भरते. एकसारखे गोळे कसेही ओतले तर जागेचा 64 टक्के भाग भरतो, नीट रचले तर 74. इथे मोठ्या अणूंच्या फटींत लहान अणू जाऊन बसतात, म्हणून एवढा फरक राहत नाही. हे सगळं हिशेबातच आहे का, कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? पाहिलंय. 2021 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जियानवेई मियाओ यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने आठ धातूंच्या एका काचकणातल्या 18,000 हून अधिक अणूंच्या जागा एकेक करून ठरवल्या. बर्नाल हयात असते तर त्यांनी त्या दिवशी दार लावून घेतलं असतं.

आता या शेजारपाजाराचा गंजण्याशी संबंध काय?

लोकप्रिय लेखांत एक उत्तर हमखास असतं की काचेत सांधे नाहीत, म्हणून गंजाला शिरायला वाट नाही. हे खरं आहे, पण अपुरं आहे. मॅग्नेशियमच्या स्फटिकी मिश्रधातूत सांध्यांवर दुसऱ्या संयुगांचे कण साठतात, आणि तो प्रत्येक कण म्हणजे लॅम्बोटच्या खिळ्याची चिमुकली आवृत्ती. जागोजागी सूक्ष्म बॅटऱ्या. काचेत सगळीकडे एकच मिश्रण, त्यामुळे या बॅटऱ्या जातात. पण मला विचाराल तर काचेचं खरं देणं वेगळं आहे. काच परवानगी देते!

कशाची? जास्त झिंक मिसळण्याची. स्फटिकी मॅग्नेशियमच्या रांगेत झिंकचे अणू शंभरात जास्तीत जास्त दोन-अडीच मावतात, तेही तापलेल्या अवस्थेत. त्याहून जास्त घातले तर रांग त्यांना बाहेर ढकलते आणि ते निराळ्या संयुगाचे कण होऊन बसतात, म्हणजे परत बॅटऱ्या. काचेत रांगच नाही, तर बाहेर ढकलणार कोण? शंभरात तीस घाला, पस्तीस घाला, मावतात.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात झबेर्ग, उगोविट्झर आणि लोफ्लर यांनी 2009 साली नेमकं हे करून पाहिलं. झिंक हळूहळू वाढवत नेलं. सुरुवातीला काही फरक नाही. काच असूनही हायड्रोजन सुटतोच आहे. हे लक्षात ठेवा, काच असूनही. मग शंभरात सुमारे 28 अणू झिंकचे झाले आणि तिथून पुढे वायू एकदम घसरला. कारण पृष्ठभागावरचा थर बदलला. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या जागी झिंक आणि ऑक्सिजनने भरलेला दाट थर आला, आणि त्याला रक्तातलं मीठ सहज फोडू शकत नाही. 60 मॅग्नेशियम, 35 झिंक, 5 कॅल्शियम असं मिश्रण त्यांनी प्राण्यांमध्ये बसवलं. ऊती नेहमीसारख्या भरल्या आणि वायूच्या पोकळ्या दिसल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचा फुगा असा बसला.

इथे मी एक कागद-पेन्सिलीचा हिशेब मांडतो, कारण बऱ्याच भाषणांत तो गाळला जातो. 60-35-5 हे अणूंच्या संख्येतलं प्रमाण आहे. पण झिंकचा अणू मॅग्नेशियमच्या पावणेतीनपट जड. वजनात पाहिलं तर या ‘मॅग्नेशियमच्या काचे’त 58 टक्के झिंक निघतं! म्हणजे एक ग्रॅमच्या स्क्रूत 580 मिलिग्रॅम. तो वर्षभरात सारख्या वेगाने विरघळला तर दिवसाला साधारण 1.6 मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातून आपल्याला दहा-पंधरा मिलिग्रॅम लागतंच, तेव्हा शरीराला हे काहीच नाही. पण हाच स्क्रू महिन्यात संपला तर दिवसाला 19 मिलिग्रॅम, आणि तेही स्क्रूला चिकटून बसलेल्या पेशींच्या तोंडावर. जादा झिंक पेशींना मारक ठरतं. तेव्हा ‘शरीराला मानवणारं मूलद्रव्य’ एवढं म्हणून भागत नाही. कुठे, किती दिवसांत, हे विचारावंच लागतं.

ताकदीचं काय? ती भरपूर आहे. रांगा असलेल्या धातूत एक रांग दुसरीवरून सरकते आणि धातू वाकतो. इथे सरकायला रांगच नाही. त्यामुळे ही काच दाबाखाली नेहमीच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या दुप्पट-तिप्पट भार सोसते, आणि ताठपणा मात्र मॅग्नेशियमएवढाच राहतो. आपल्याला हवं होतं तेच.

मग दवाखान्यात का नाही? कारण जो गुण तोच अवगुण. सरकायला वाव नाही म्हणजे मर्यादा ओलांडली की वाकणं नाही, थेट तुकडा. मोडलेली कांडी पाहिली तर कडा फुटलेल्या बाटलीसारख्या असतात. शल्यविशारद स्क्रू पिळतो, प्लेट हाडाच्या आकाराला वाकवतो. त्याच्या हातात हे देऊन चालणार नाही.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती पुन्हा अणूंच्या मांडणीतच आहे. ही काच मऊ पडायला लागते ते तापमान सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास. निरपेक्ष मापात मोजलं तर शरीराचं तापमान त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भरतं. म्हणजे थिजलेली पोरं पुरती थिजलेलीच नसतात; जागच्या जागी अंग चोरत, मोकळी जागा कमी करत राहतात. मॅग्नेशियमच्या काही काचा प्रयोगशाळेच्या कपाटात नुसत्या ठेवल्या तरी काळ जाईल तशा ठिसूळ होतात, हे दिसून आलेलं आहे. आणि रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह? तो 121 किंवा 134 अंशांवर वाफेने निर्जंतुक करतो. नेमका तोच टप्पा! वाफेतल्या पाण्याचा त्रास निराळाच. तेव्हा निर्जंतुकीकरणासाठी दुसरी वाट धरावी लागते.

आज बाजारात विरघळणारे स्क्रू आहेत. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सिंटेलिक्स कंपनीच्या मॅग्नेशियम स्क्रूला 2013 साली युरोपची मान्यता मिळाली, पण तो स्फटिकी मिश्रधातू आहे, काच नव्हे. त्यात वायूचा वेग दुर्मिळ मृदा धातू घालून आणि अशुद्धी काढून आटोक्यात ठेवला आहे. काचेचा स्क्रू अजून प्रयोगशाळा आणि प्राण्यांवरच्या चाचण्या यांच्या दरम्यान घुटमळतो आहे.

माझं मत विचाराल, आणि व्याख्यात्याला ते विचारायचंच असतं, तर मांडीच्या हाडाची प्लेट या काचेतून होईल असं मला वाटत नाही. तेवढी जाडी साधत नाही आणि तेवढा ठिसूळपणा परवडत नाही. पण बारीक तारेचं गणित निराळं आहे. तार पातळ असल्याने झपाट्याने गार होते, अणूंना मोकळी जागा जास्त उरते, आणि तीच काच तारेच्या रूपात काही प्रमाणात वाकते. बोटांची हाडं, जबडा, लहान मुलांचं कोपर, जिथे आज शल्यविशारद पोलादी तार घालतात आणि काही आठवड्यांनी ओढून काढतात, तिथे हिची जागा मला दिसते. जुनी ठिसूळ झालेली काच तापवून पुन्हा लवकर गार केली तर थोडी तरुण होते, असेही प्रयोग चालू आहेत. पण पॅकबंद तार कपाटात वर्षभर राहिली तरी वाकली पाहिजे, हा प्रश्न मला झिंकच्या प्रमाणापेक्षाही अवघड वाटतो, आणि त्यावर काम करणारे हात कमी आहेत.

अध्यक्ष घड्याळाकडे दुसऱ्यांदा बघताहेत. श्रोत्यांत दोन-तीन अस्थिशल्यविशारद बसलेत हे मी येतानाच पाहिलं आहे. त्यांनी पहिले प्रश्न विचारावेत. विशेषतः तार ओढून काढायच्या वेळी नेमकं काय अडतं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.